उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणून

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरच्या अडीच वर्षांच्या मुलीसाठी हे आवाहन आहे. न्हाऊ घालताना आईच्या हाताला तिच्या उजव्या बरगडीखाली काहीतरी घट्ट लागले. जंत असतील म्हणून औषध दिले, तरी पोट वाढतच गेले. शेवटी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तपासण्या झाल्या आणि यकृतात गाठ निघाली. हेपॅटोब्लास्टोमा.

यकृताचा कॅन्सर म्हटल्यावर वाड्यावर अनेकांनी आशाच सोडली. म्हणून हे आधी सांगतो. मोठ्या माणसांना होतो तो हा कॅन्सर नव्हे. हा बहुतेक तीन वर्षांखालच्या लेकरांना होतो आणि त्यात आईबापाची काही चूक नसते. कृपा करून त्या माउलीला कोणी बोल लावू नये. १९७०च्या सुमारास अशा दहा मुलांतली जेमतेम तीन वाचत. आज पूर्ण उपचार मिळाले तर आठ वाचतात. गाठ आटोक्यात असलेल्या मुलांवर युरोपात झालेल्या एका चाचणीत, सिस्प्लॅटिन हे एकच केमोचे औषध आणि शस्त्रक्रिया एवढ्यावर तीन वर्षांनंतर शंभरातली ९५ मुले हयात होती.

मात्र उपचार पूर्ण व्हायला हवेत. केमोने गाठ आकसते, मग ती कापून काढतात, मग पुन्हा केमो. उरलेले यकृत परत वाढते. दोन केमो झाल्या की मूल खेळू लागते, घरातले पैसे मात्र संपलेले असतात. उपचार सुटतात ते इथेच.

मुलगी आता परळला टाटा मेमोरियलमध्ये आहे. बिलाला सरकारी योजनेचा हातभार आहे, रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. खोलीचे भाडे, जेवण, टॅक्सी यांना कोणी नाही. बापाची रोजंदारी बुडाली आहे, आईने हातातली काकणे मोडली. सहा महिन्यांना साधारण १ लाख ८० हजार रुपये लागतील. मंडळाने चवथीच्या सजावटीचे ४० हजार तिकडे वळवले आहेत. यंदा गणपतीवरची फळापानांची माटोळी तेवढी बांधू.

उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक घराने जमेल ते द्यावे. दर रविवारी आरतीनंतर देवळाच्या मंडपात वही उघडी असेल, पावती मिळेल. मुंबईत ज्यांचे नातलग आहेत त्यांनी रक्त आणि प्लेटलेट्स देणाऱ्यांची नावे कळवावीत. मुलगी घरी आली की भेटायला गर्दी करू नये. केमोनंतर साधा सर्दी-तापही तिला भारी पडेल.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकारी सदस्य