एगीशाइमच्या त्या सगळ्यांचे आभार

फ्रान्सच्या आल्सास भागातल्या एगीशाइम गावात आम्हाला घरच्यासारखं सांभाळणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. आई शाकाहारी. तिथल्या पातळ, कुरकुरीत, पिझ्झासारख्या तार्त फ्लांबेवर डुकराच्या मांसाचे तुकडे असतातच. खानावळीतल्या ताईंनी आईसाठी नुसतं क्रीम आणि कांदा घालून वेगळी भाजून दिली. आणि मळ्यातले काका! तोडणीच्या ऐन घाईत त्यांनी रीसलिंग या वाइनच्या द्राक्षाचा मणी फोडून बी दाखवलं: हिरवं असेल तर थांबायचं, तपकिरी झालं की द्राक्ष पिकत आलं. बाबा नाशिककडचे द्राक्षबागायतदार. भाषेचा गंध नसताना दोघं वेलींमध्ये किती रमले होते! गोल गोल दगडी गल्ल्यांतून आईची जड बॅग उचलून आणणाऱ्या मुला, नाव विचारायच्या आत तू निघूनही गेलास. आईचे तुला खूप आशीर्वाद.