‘मत विकलं’ म्हणू नका

संपादक महोदय,

२०२४ च्या विधानसभा निकालाचा विषय निघाला की ‘बायांनी १५०० रुपयांत मत विकलं’ असं शिकलेली माणसंही सर्रास बोलतात. मला चीड येते. महायुती सरकारच्या, महिन्याला १५०० रुपये देणाऱ्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे कितीतरी अर्ज आम्ही अंगणवाडी सेविकांनीच भरून दिले. शेतमजुरी करणाऱ्या एकीने पहिल्या पैशांतून मुलीचा चष्मा केला. ‘नवऱ्याला विचारावं लागलं नाही,’ हे ती पुन्हापुन्हा सांगत होती. सोयाबीनचा भाव पडल्याचा राग तिलाही होताच. पण आजवर थेट तिच्या खात्यावर कुणी काय टाकलं होतं? विरोधातल्या महाविकास आघाडीने महिन्याला ३००० रुपयांचं आश्वासन दिलं. तिने आश्वासनापेक्षा पासबुकातली नोंद खरी मानली.

— एक अंगणवाडी सेविका, बार्शी