‘बेलफास्ट’मधला बडी आणि पडद्यावर न आलेली बॉम्बे स्ट्रीट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

केनेथ ब्राना यांच्या ‘बेलफास्ट’ (२०२१) या चित्रपटाबद्दल जाणकार मंडळी एक आक्षेप वारंवार घेतात. बडी या नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेचा आडोसा घेऊन दिग्दर्शकाने उत्तर आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट-कॅथलिक संघर्षाचे राजकारण टाळले, असा तो आक्षेप आहे. मला तो अर्धाच पटतो. आपल्याकडच्या शाळांनी आणि फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट मुलांना आवर्जून दाखवावा असे मला मनापासून वाटते, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आधी न पटणाऱ्या भागाबद्दल. चित्रपटाची सुरुवात १५ ऑगस्ट १९६९ रोजी होते. आई दारातून मुलाला हाक मारते आणि ती हाक शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून गल्लीभर पुढे सरकत बडीपर्यंत पोहोचते. चाळीत वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या काही क्षणांत प्रॉटेस्टंट जमाव गल्लीत घुसतो आणि कॅथलिकांची घरे शोधू लागतो, मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीत पेटता बोळा कोंबला जातो, आणि थोड्या वेळापूर्वी लुटुपुटूच्या लढाईत मुलाची ढाल असलेले कचऱ्याच्या डब्याचे झाकण हाती घेऊन आई दगडांच्या माऱ्यातून त्याला घरात ओढून नेते. दंगल म्हणजे काय हे यापेक्षा नेमके कसे सांगणार? नंतर फरसबंदीचे दगड उखडून गल्लीच्या तोंडाशी अडथळा उभा राहतो आणि स्वतःच्या घरी जायलाही ओळख सांगावी लागते. बडीचे कुटुंब प्रॉटेस्टंट आहे, म्हणजे जमाव त्यांच्याच पंथाचा आहे. पण बडीच्या वडिलांना ‘पैसे दे किंवा आमच्यात सामील हो’ असे दरडावणारा माणूसही त्याच पंथाचा आणि त्याच वस्तीतला आहे. इंग्लंडमध्ये सुतारकाम करून पंधरवड्याने घरी येणारे वडील, प्राप्तिकराची थकबाकी फेडता फेडता मेटाकुटीला आलेली आई, देशांतर करायचे की नाही यावरून त्या दोघांत होणारी भांडणे, हे सगळे राजकारणच आहे, फक्त ते स्वयंपाकघरात येऊन बसलेले आहे.

दुकानाच्या लुटीचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जमावाबरोबर ओढला गेलेला बडी कपडे धुण्याच्या पावडरीचा खोका उचलून घरी आणतो, आणि संतापलेली आई त्याचा हात धरून, दंगल चालू असतानाच, तो खोका परत ठेवायला त्याला त्या दुकानात घेऊन जाते. तिचे हे वागणे शहाणपणाचे नाही, जिवावर बेतणारे आहे. तरीही भोवतालचा कायदा कोसळत असताना घरातला कायदा टिकवण्याची तिची धडपड कॅट्रिओना बाल्फ यांनी अशी साकारली आहे की त्या बाईबद्दल आदरच वाटतो.

आता पटणाऱ्या अर्ध्या भागाकडे वळते. हा सगळा वणवा कशातून पेटला हे चित्रपट सांगत नाही. घरवाटपात आणि मतदानात कॅथलिकांशी होणारा भेदभाव दूर करावा म्हणून १९६७ पासून संघटित झालेली नागरी हक्कांची चळवळ त्यात जवळजवळ नाही. नेमक्या त्याच १५ ऑगस्टला बेलफास्टच्या क्लोनार्ड भागातली कॅथलिकांची बॉम्बे स्ट्रीट जाळली गेली, तीही दिसत नाही. (मुंबईचे जुने नाव तिथल्या एका गल्लीला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.) या दंगलींच्या सरकारी चौकशीच्या, म्हणजे स्कारमन चौकशीच्या, अहवालानुसार त्या उन्हाळ्यात बेलफास्टमधल्या १८२० कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि त्यांपैकी १५०५ कॅथलिक होती. १४ ऑगस्टच्या रात्री सुरू झालेल्या गोळीबारात कॅथलिक वस्तीतल्या डिव्हिस फ्लॅट्स या इमारतींमध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. बडीचेही वय नऊच आहे. एका मुलाला इंग्लंडला जाण्याची वाट मिळाली आणि दुसऱ्याला मिळाली नाही, यामागे निव्वळ नशीब नव्हते, हे प्रेक्षकाला कळायला हवे. आणि ते बडीच्या नजरेतून कळणार नाही, कारण बडीलाच ते माहीत नाही. इथे दिग्दर्शकाला दोष देण्यापेक्षा ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी दाखवणाऱ्यांवर येते, असे मी म्हणेन.

शिक्षिका म्हणून आणखी एक गोष्ट खटकली. बडीचे मन जडते ती वर्गातली हुशार मुलगी कॅथलिक आहे, आणि ते दोघे एका वर्गात बसतात ही गोष्ट चित्रपट सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात तिथली बहुतेक मुले पंथानुसार वेगवेगळ्या शाळांत शिकत. दोन्ही पंथांच्या मुलांना जाणीवपूर्वक एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लगन कॉलेज, १९८१ मध्ये काही पालकांच्या पुढाकाराने निघाली, आणि १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर इतकी वर्षे लोटली तरी अशा शाळांत जाणारी मुले थोडीच आहेत. १९६९ मध्ये वस्त्यांमध्ये तात्पुरत्या म्हणून उभारायला घेतलेल्या भिंतीही अनेक ठिकाणी अजून उभ्या आहेत.

आपल्याकडे भिंती बांधल्या गेल्या नाहीत. पण १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली किती कुटुंबे जुनी शेजारवस्ती सोडून मुंब्र्याकडे, मीरा रोडकडे आपापल्या माणसांत राहायला गेली, हे ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. त्या कुटुंबांतली तेव्हाची मुले आज आई-वडील आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या वर्गात दुसऱ्या धर्माचे मूल असेलच याची खात्री राहिलेली नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, चित्रपट दाखवण्यापूर्वी दहा मिनिटे राखून नागरी हक्कांची चळवळ, बॉम्बे स्ट्रीट आणि डिव्हिस फ्लॅट्स यांची माहिती मुलांना द्यावी, नंतर चर्चेला पुरेसा वेळ ठेवावा आणि शक्य असेल तिथे पालकांनाही बोलवावे. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट चित्रपटगृहात मोठ्यांच्या सोबतीनेच पाहता येतो. आपल्याकडे आठवी-नववीच्या मुलांना तो मराठी उपशीर्षकांसह दाखवता आला, तर फिल्म सोसायट्यांनी ते काम हाती घ्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे