लस फ्रीझरमध्ये ठेवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की निफाडचा पारा किती खाली गेला, हे आपल्या पत्रात रोज वाचायला मिळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा येतो, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या आणि मण्यांना जाणारे तडे यांची बातमी येते. याच थंडीत लहान मुलांच्या लसी गोठून वाया जाण्याची भीतीही वाढते, त्याबद्दल मात्र कधी चार ओळी वाचल्याचे आठवत नाही. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मी औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी केली. लसींचा साठा माझ्या ताब्यात असे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लस उन्हात नेऊ नये, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातूनच ‘जितकी गार तितकी चांगली’ अशी एक समजूत घट्ट बसली आहे. माझ्या मते १९९५ पासूनच्या पोलिओ मोहिमांचाही त्यात वाटा असावा. बूथवर बर्फाच्या डब्यातून काढलेले थेंब आपण वर्षानुवर्षे पाहिले. तोंडाने द्यायची पोलिओची लस गोठली तरी चालते. जिल्ह्याच्या भांडारात ती उणे १५ ते उणे २५ अंशांतच ठेवतात. पण पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी, त्रिगुणी, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, न्यूमोनियाची पीसीव्ही, पोलिओचे इंजेक्शन यांतली एकही लस गोठलेली चालत नाही. त्यांना २ ते ८ अंशच लागतात. यांतल्या बहुतेक लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो आणि लसीचा मुख्य घटक त्याच्या कणांना चिकटलेला असतो. लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. नंतर ती वितळली तरी पूर्ववत होत नाही. बाळाला सुई टोचली जाते, ते रडते, कार्डावर तारीखही पडते, पण रोगापासून मिळायचे ते संरक्षण मिळेल याचा भरवसा राहत नाही.

सरकारी लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. दोन्ही सारखे दिसू लागले किंवा चौकोन अधिक गडद झाला तर टाकून द्यायची. ही खूण फार उपयोगाची आहे, पण ती फक्त उष्णता दाखवते. लस गोठून वितळली असेल तरी चौकोन फिकाच राहतो, आणि तिथेच लोक फसतात.

मागच्या हिवाळ्यात शेजारची सूनबाई दीड वर्षाच्या मुलासाठी ‘पेनलेस’ त्रिगुणीचा बूस्टर घेऊन आली. दुकानदाराने सिरिंजच्या खोक्याला बर्फाचा खडा लावून दोन्ही एकाच पातळ पिशवीत घातले होते. डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडणार, म्हणून तिने ती पिशवी तशीच फ्रीझरमध्ये ठेवली आणि जाताना मला सहज सांगितले, “काकू, लस चांगली बर्फात ठेवली आहे.” मी ती बाहेर काढायला लावली. आतले औषध दगडासारखे घट्ट झाले होते. वितळल्यावर सिरिंज उजेडासमोर धरून हलवली, तर एकसारखा दुधाळ रंग येण्याऐवजी नासलेल्या दुधासारख्या कण्या फिरताना दिसल्या. थोड्याच वेळात त्या तळाशी बसल्या आणि वर स्वच्छ पाणी राहिले. तिने पैसे मोजले होते, वेळ पाळली होती, बाळाची काळजी घेतली होती. लस फ्रीझरमध्ये ठेवू नका एवढे एक वाक्य तिला दुकानात कोणी सांगितले नाही, याचा मला आजही राग येतो.

सरकारी केंद्रांत यासाठी केवढी काटेकोर शिस्त आहे, तेही लोकांना कळायला हवे. तिथे घरगुती फ्रिज चालत नाही, आयएलआर नावाचा लसींचा खास फ्रिज असतो. त्याच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो थंडावा धरून ठेवतो. भारनियमनाच्या काळात पाड्यांवरचे लसीकरण यावरच चालू राहिले. आयएलआर वरून उघडतो आणि तळाशी सर्वांत गार असतो. म्हणून पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला आणि क्षयाची बीसीजी खाली, आणि गोठून बिघडणाऱ्या लसी वरच्या टोपलीत. सकाळ-संध्याकाळ तापमानाची नोंद करायची. रविवार असो, दिवाळीचा पाडवा असो, ती चुकवायची नाही.

खरी कसोटी लागते ती लस बाहेर नेताना. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक लगेच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, घालायचा नसतो. त्यावर पाण्याचे थेंब दिसेपर्यंत तो बाहेर ठेवायचा, कानाशी हलवून आत पाणी वाजते का ते ऐकायचे, मगच चार पॅक लावून मधे लसीची पिशवी ठेवायची. एप्रिलमध्ये हे लवकर होते. डिसेंबरच्या सकाळी पॅकमधला बर्फ सुटता सुटत नाही, आणि सिस्टरना तर वेळेत पाड्यावर पोहोचायचे असते. घाई करायचा मोह तिथेच होतो. माझ्याबरोबर काम केलेल्या सिस्टर थंडीने कुडकुडत थांबत, पण पॅक वाजल्याशिवाय निघत नसत. त्यांचे हे काम कुठल्याही अहवालात दिसत नाही.

गोवर-रुबेला आणि बीसीजी या पावडरीच्या लसींना उष्णता आणि उजेड जास्त बाधतो. त्या त्यांच्याच द्रावणात कालवायच्या आणि चार तासांत वापरायच्या. उरल्या तर टाकून द्यायच्या, मग कितीही हळहळ वाटो. एवढ्याशा उशिराने काय होते, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कालवलेल्या लसीत जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

माझी अन्न व औषध प्रशासनाला आणि नाशिक महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे. लस विकणाऱ्या प्रत्येक मेडिकल दुकानाच्या फ्रिजमध्ये तापमापक आहे का आणि त्याची रोज नोंद होते का, हे पाहावे. लस उघड्या बर्फाला लावून देणे बंद करावे आणि बिलासोबत ‘२ ते ८ अंश, गोठवू नये’ अशी मराठीत चिठ्ठी द्यायला लावावी. दवाखान्यांतही लसीच्या फ्रिजमध्ये जेवणाचा डबा किंवा थंड पेये ठेवू नयेत, कारण दार वारंवार उघडले की तापमान टिकत नाही.

पालकांनी शक्यतो लस घरी आणूच नये, टोचणाऱ्या डॉक्टरांकडचीच घ्यावी. जन्मतः, दीड, अडीच, साडेतीन महिने, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने आणि पाच वर्षे या वेळापत्रकातल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यांत आणि आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. आणलीच तर घरातल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी. दारात नको, फ्रीझरला चिकटून तर नकोच. बाळाला गोठलेली लस दिली गेली असावी अशी शंका असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. तो डोस पुन्हा द्यायचा का, ते तेच ठरवतील. त्यासाठी आधी नीट दिलेले डोस रद्द होत नाहीत आणि सगळे लसीकरण पहिल्यापासून करावे लागत नाही.

– एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, इंदिरानगर, नाशिक