भिंतीत जाते त्यावर खर्च करा, रॅकमध्ये बसते त्यावर वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण संस्था, शाळा-महाविद्यालये, पतसंस्था, छोटी रुग्णालये यांच्या नेटवर्कच्या कामांची कोटेशने पाहिली, तर एक गोष्ट वारंवार दिसते. स्विच नामवंत कंपनीचा, राउटर महागडा, फायरवॉल त्याहून महाग. आणि केबलच्या ओळीत मात्र ‘कॅट-६, ३०५ मीटरचे इतके बॉक्स’ एवढेच. कंपनी कोणती, तांबे किती, फायबर कोणत्या जातीचे, यातले काहीच नाही. म्हणजे पैसा नेमका उलट्या जागी जातो. स्विच पाच-सात वर्षांनी बदलतोच आणि बदलायला अर्धा तास पुरतो. भिंतीत किंवा जमिनीखाली गेलेली केबल वीस-पंचवीस वर्षे तिथेच राहते, आणि ती बदलायची म्हणजे पुन्हा फोडाफोडी. कार्यकारिणीच्या सदस्यांना आणि विश्वस्तांना खरेदीआधी उपयोग व्हावा म्हणून हे थोडे तपशिलाने लिहीत आहे.

आधी वेगाची गरज ठरवावी. दहा गिगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण १.२५ गिगाबाइट. साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट देते, साटा एसएसडी ५५० च्या आसपास. संगणक प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्राला दहा गिगाबिट देऊन काहीही हाती लागत नाही. तो वेग लागतो तो मजल्यामजल्यांवरच्या स्विचला जोडणाऱ्या मुख्य मार्गावर, साठवणुकीच्या सर्व्हरवर, आणि व्हिडिओ संपादन किंवा एक्स-रे, सीटी स्कॅनच्या प्रतिमा हाताळणाऱ्या मोजक्या यंत्रांवर. बाकी सर्वांना एक गिगाबिट पुरते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक गिगाबिटचे २४ पोर्ट आणि एसएफपी प्लसचे (फायबरचे मॉड्यूल बसवायचे, दहा गिगाबिटचे) ४ पोर्ट असलेला स्विच योग्य ठरतो. सगळे पोर्ट दहा गिगाबिटचे घेण्याचे कारण क्वचितच असते.

आता तांब्याच्या केबलकडे. तिचे दर्जे कॅट-५ई, कॅट-६, कॅट-६ए असे चढत जातात. बाजारात कॅट-६ म्हणून विकली जाणारी बरीच स्वस्त केबल सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. मानकांमध्ये अशा तारेला जागाच नाही. बाहेर काहीही छापलेले असो, ती कॅट-६ नव्हे. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. त्यामुळे कॅमेरे आणि वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट याच केबलवरून वीज घेत असतील, तर लांबच्या टोकाला व्होल्टेज पडते, उपकरण रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि जाड जुडग्यात केबल तापते. तार सॉकेटच्या खाचेत दाबून बसवताना (पंचिंग) तुटते ती वेगळीच. चाकूने तार खरवडली की आतली पांढरी धातू दिसते. पण त्याहून खात्रीची चाचणी साध्या मल्टिमीटरने होते. न वापरलेल्या ३०५ मीटरच्या बॉक्समध्ये केबलची दोन्ही टोके सहसा हाताला लागतात. एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला त्या जोडीचा रोध मोजा. मानकानुसार १०० मीटरला एका तारेचा रोध जास्तीत जास्त ९.३८ ओहम, म्हणजे पूर्ण बॉक्सच्या जोडीला ५७ ओहमच्या आत. चांगली २३ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तांब्याची केबल चाळिशीच्या थोडे वर दाखवते. आकडा सत्तर-ऐंशीकडे गेला, तर बॉक्स परत पाठवावा. प्रत्येक बॉक्सला ही चाचणी पाच मिनिटांत होते, आणि ती होणार आहे हे कोटेशन मागतानाच सांगितले की भाव सांगणाऱ्यांची यादी आपोआप लहान होते.

चालू स्थितीतली जुनी कॅट-५ई मात्र उगाच उपटू नये. २०१६ साली आलेल्या ८०२.३बीझेड मानकामुळे तिच्यावर १०० मीटरपर्यंत अडीच गिगाबिट चालते, आणि नव्या वाय-फाय ॲक्सेस पॉइंटना तेवढे बहुधा पुरते. दहा गिगाबिट कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंत जाते, तेही केबलींचे घट्ट जुडगे नसतील तर. जुडग्यात ही मर्यादा ३७ मीटरपर्यंत खाली येते. पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट-६ए लागते. ती जाड असते, पाइपात कमी मावते आणि टोके बसवायला वेळ घेते. जिथे कॅट-६ए टाकावीशी वाटते, तिथे आधी फायबरचा भाव विचारावा.

दोन इमारतींमध्ये तर तांबे नकोच. अंतर शंभर मीटरच्या आत असले तरीही. दोन इमारतींचे अर्थिंग एका पातळीवर नसते. जवळपास वीज पडली की तो फरक क्षणभर प्रचंड वाढतो आणि केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट, कधी अख्खा स्विच, जळतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात मेमधल्या वळिवापासून परतीच्या पावसापर्यंत हा धोका कायम असतो. काचेतून वीज वाहत नाही, पण केबलमध्ये धातू असेल तर त्यातून वाहते, हे विसरले जाते. जमिनीखाली घुशी कुरतडतात म्हणून पोलादी पट्टीची आर्मर्ड केबल घेणे बरोबर आहे. ती एचडीपीई पाइपातून न्यावी, इमारतीच्या तोंडाशी तिच्या आर्मरला अर्थिंग द्यावे आणि आर्मर तिथेच कापून पुढे फक्त आतली नळी रॅकपर्यंत आणावी. वरून ओढायची असेल तर धातूविरहित, एफआरपी (काचतंतू-प्लास्टिक) दांडीची केबल मागावी. पोलादी तारेसह येणारी ड्रॉप केबल वापरलीच, तर ती तार बाहेरच्या हुकावर संपली पाहिजे.

फायबर सिंगल मोडच (बारीक गाभ्याचे) घ्यावे, ओएस२ दर्जाचे, पिवळ्या आवरणाच्या पॅचकॉर्डसह. मल्टिमोड (जाड गाभ्याचे) स्वस्त पडते हा समज जुन्या काळचा आहे. तेव्हा सिंगल मोडची लेसर मॉड्यूल (स्विचच्या पोर्टात बसणारे, विजेच्या संकेतांचा प्रकाश करणारे भाग) फार महाग होती. आज तो फरक थोडा उरला आहे, आणि केबल तर सिंगल मोडचीच स्वस्त आहे. मल्टिमोडची मर्यादा वेगासोबत आखडत जाते: दहा गिगाबिटला ओएम३ दर्जाच्या फायबरवर ३०० मीटर, ओएम४ वर ४००, आणि महाविद्यालयांच्या आवारात जागोजागी पडलेल्या जुन्या नारिंगी ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ वर अवघे ३३ मीटर. सिंगल मोडच्या त्याच काचेवर आज एक गिगाबिट, उद्या दहा, पुढे शंभर गिगाबिट केबलला हात न लावता जाते. जुनी ओएम१ वापरावीच लागत असेल तर एलआरएम प्रकारचे मॉड्यूल तिच्यावर २२० मीटरपर्यंत दहा गिगाबिट देते, पण ते सर्व स्विचांना चालत नाही. आधी स्विचच्या कागदपत्रांत पाहावे.

कोअर (केबलमधले काचेचे धागे) मोजताना कंजुषी करू नये. दोन कोअरने काम भागते, पण ६ ऐवजी १२ कोअर घेतल्याने वाढणारा खर्च खोदाई आणि मजुरीपुढे किरकोळ असतो. सगळे कोअर दोन्ही टोकांना पिगटेल (कनेक्टर लावलेला छोटा तुकडा) स्प्लाइस करून, म्हणजे वितळवून जोडून, एलआययूमध्ये (फायबरची टोके बसवायची पेटी) लावून घ्यावेत. ‘नंतर करू’ म्हणून गुंडाळून ठेवलेले कोअर नंतर कुणालाही ओळखू येत नाहीत. एलआययूवर निळे यूपीसी कनेक्टर मागावेत. इंटरनेट कंपनीचा घरातला जोड बहुधा हिरवा एपीसी असतो, त्याचे टोक आठ अंशांत तिरके घासलेले असते. हिरव्यात निळे घुसते, बसल्यासारखे वाटते, पण काचेची टोके एकमेकांना टेकत नाहीत आणि प्रकाश मधल्या फटीत वाया जातो. एसएफपी मॉड्यूलला एलसी (छोट्या आकाराचा) यूपीसी कनेक्टर लागतो.

मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल एकमेकांना जोडणारे छोटे डबे) शक्यतो टाळावेत. प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर लागतो, आणि लिंक तुटते तेव्हा बहुतेकदा तो अडॅप्टरच गेलेला असतो. कन्व्हर्टरमधल्या बिघाडाची ना नोंद मिळते ना त्यातल्या प्रकाशाची मोजणी. स्विचमध्येच एसएफपी पोर्ट असेल तर मॉड्यूल थेट त्यात बसवावे.

खरी बचत इथून पुढे आहे. मॉड्यूलमध्ये एक छोटी स्मृती असते, तिच्यात कंपनीचे नाव लिहिलेले असते, आणि काही स्विच ते नाव वाचून परके मॉड्यूल नाकारतात. आतले लेसर आणि मानक तेच असते. त्यामुळे त्या स्विचसाठी कोडिंग करून दिलेले इतर उत्पादकाचे मॉड्यूल निर्धास्त घ्यावे. फक्त ऑर्डरमध्ये स्विचचा नेमका मॉडेल क्रमांक लिहावा आणि चालले नाही तर परत घेण्याची अट घालावी. आवारातल्या अंतराला दहा गिगाबिटचे एलआर मॉड्यूल, १३१० नॅनोमीटर, पुरेसे होते. ते दहा किलोमीटरचे असले तरी पाच मीटरच्या पॅचकॉर्डवरही सुरक्षित चालते. ‘जास्त ताकदीचे बरे’ म्हणून चाळीस किंवा ऐंशी किलोमीटरचे मॉड्यूल घेऊ नये. जवळच्या अंतरावर त्याचा प्रकाश समोरचा रिसीव्हर जाळू शकतो. एकाच कोअरवर चालणारे बायडाय मॉड्यूल घेतले तर ते जोडीनेच घ्यावे, एका टोकाला १२७० प्रक्षेपित करणारे आणि दुसऱ्या टोकाला १३३०. सारखी दोन लावली तर लिंक कधीच येत नाही. अशी एक जोडी आणि एक पॅचकॉर्ड कपाटात जादा ठेवावी.

एकाच रॅकमधल्या सर्व्हर-स्विच जोडणीसाठी मॉड्यूलही नको. डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग पक्के बसवलेली तांब्याची केबल) घ्यावी. दोन्ही टोके तयार येतात, वीज नगण्य लागते, आणि एक ते तीन मीटरला याहून स्वस्त काही नाही. एसएफपी प्लस पोर्टात आरजे-४५ चे दहा गिगाबिट मॉड्यूल लावणे हा मात्र शेवटचा उपाय समजावा. ते दोन-तीन वॅट खाते, बोट ठेववत नाही इतके तापते, आणि बहुधा ३० मीटरपुरतेच असते. पंखा नसलेल्या स्विचमध्ये अशी दोन मॉड्यूल शेजारी बसवू नयेत.

संगणकात लावायचे नेटवर्क कार्ड वापरलेले घेण्यास हरकत नाही. डेटा सेंटरमधून निघालेली इंटेल एक्स५२० किंवा मेलानॉक्स कनेक्टएक्स-३ सारखी कार्डे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळतात आणि नव्याच्या तुलनेत फार स्वस्त पडतात. पण तीन गोष्टी पाहाव्यात. स्लॉट: एक्स५२० हे पीसीआयई २.० चे आठ लेनचे (माहिती वाहणाऱ्या आठ वाटांचे) कार्ड आहे. चार लेन मिळाल्या तर एक पोर्ट पूर्ण वेगाने चालतो, दोन्ही नाही. मदरबोर्डवर लांब दिसणारा स्लॉट आतून एकाच लेनचा असू शकतो. हवा: ही कार्डे सर्व्हरच्या वाऱ्यासाठी बनलेली असतात, साध्या कॅबिनेटमध्ये समोर छोटा पंखा लावला नाही तर तास-दोन तासांनी लिंक पडू लागते. ड्रायव्हर: जुन्या कार्डांना नव्या विंडोजमध्ये आधार मिळेलच असे नाही. लिनक्समध्ये एक्स५२० परके मॉड्यूल नाकारते, पण आयएक्सजीबीई ड्रायव्हरला त्याची परवानगी देणारा पर्याय आहे. इंटेलच्या नावाची बनावट कार्डेही फिरतात. नवे कोरे आणि अविश्वसनीय स्वस्त दिसले तर त्यापेक्षा जुन्या सर्व्हरमधून काढलेले, वापराच्या खुणा असलेले बरे.

वापरलेल्या मोठ्या स्विचचे गणित मात्र वेगळे आहे. सतत १०० वॅट खाणारा स्विच वर्षाला ८७६ युनिट वीज घेतो. युनिटला १० रुपये धरले तर ८,७६० रुपये, दर वर्षी. पंख्यांचा आवाज कार्यालयात बसू देत नाही. त्याजागी मायक्रोटिक कंपनीचा चार एसएफपी प्लस पोर्टांचा सीआरएस३०५ वीस वॅटच्या आत, पंख्याशिवाय चालतो. तो स्विच म्हणून वापरावा, राउटर म्हणून नव्हे. त्याच्या प्रोसेसरवर राउटिंगचा भार टाकला की वेग कोसळतो. पीओई (नेटवर्कच्या केबलवरूनच वीज देणारा) स्विच घेताना पोर्टांची संख्या न पाहता एकूण वॅट पाहावेत. १६ कॅमेरे प्रत्येकी ८ वॅट म्हणजे १२८. त्यावर ॲक्सेस पॉइंट मिळवून एक चतुर्थांश जादा धरावे. २४ पोर्टांना ३० वॅट सर्वत्र देणाऱ्या ७२० वॅटच्या स्विचची गरज क्वचितच असते.

आणि काम ताब्यात घेताना मोजमाप हवेच. आठ दिव्यांचा टेस्टर फक्त तार पोहोचली एवढेच सांगतो. दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा एक जोडी म्हणून बसवल्या असतील तर ते त्याला कळत नाही, सगळे दिवे लागतात आणि गिगाबिट चालत नाही. एका केबलच्या चार जोड्यांतून दोन कनेक्शन काढण्याची सवय अजून आहे, तिथेही वेग १०० मेगाबिटवर अडकतो. टोक बसवताना जोडीतल्या तारांचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उकलू नये. फायबरवर लिंकचा दिवा लागणे हा पुरावा नव्हे: घाणेरड्या कनेक्टरवरही तो लागतो आणि महिन्यांनी त्रास सुरू होतो. ३०० मीटरच्या मार्गाला काचेचे ०.१२ डेसिबल, दोन कनेक्टरांचे मिळून १ आणि दोन स्प्लाइसचे ०.२, म्हणजे १.३ च्या आसपास प्रकाशाचा ऱ्हास अपेक्षित आहे. एलआर मॉड्यूल ६ डेसिबलपर्यंत सहन करते, म्हणून चार आले तरी ‘चालतंय’ असे उत्तर मिळते. ते मान्य करू नये. कनेक्टर साफ करून पुन्हा मोजायला लावावे, तरीही उतरले नाही तर स्प्लाइस पुन्हा करून घ्यावा.

कामाच्या आदेशात एवढे लिहावे: शंभर टक्के तांबे, प्रत्येक बॉक्सचा रोध मोजून, ओएस२ फायबर, सर्व कोअर दोन्ही टोकांना जोडलेले, प्रत्येक कोअरचा ऱ्हास डेसिबलमध्ये, १३१० आणि १५५० दोन्ही नॅनोमीटरवर, दोन्ही टोकांना एकसारखे लेबल आणि केबल कुठून गेली त्याचा नकाशा. शेवटचा हप्ता हे कागद हाती आल्यावर द्यावा.

आपला,
एक नेटवर्क अभियंता, पुणे