फिकट जांभळी टॅक्सी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीवरच्या तुझ्या नोट्स वाचल्या. हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे पावित्र्य, पिवळा म्हणजे पैसा असा तक्ता केला आहेस. परीक्षेला तो चालेल. पण शेवटी ‘मर्टल विल्सन : हावरट, उथळ’ एवढंच लिहून तू तिला निकालात काढलंस, त्याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे पत्र.

आधी पांढरा घे. श्रीमंत टॉमची बायको डेझी आणि तिची मैत्रीण जॉर्डन पहिल्यांदा दिसतात त्या पांढऱ्या कपड्यांत. पाण्यापलीकडे ईस्ट एग ही त्यांची श्रीमंत वस्ती, तिथले महालही पांढरे. गोष्ट 1922 च्या उन्हाळ्यातली आहे. असा पांढरा दिवसभर पांढरा राहायचा तर धुणारी, इस्त्री करणारी माणसं पदरी लागतात आणि धुळीत उतरायची वेळ कधी येता कामा नये. मला त्यात पावित्र्य दिसत नाही, पिढीजात पैसा दिसतो.

गॅट्सबीकडेही अमाप पैसा आहे, पण तो काल-परवाचा. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. डॅन कोडी या कोट्यधीशाने त्याला आपल्या यॉटवर ठेवून घेतलं तेव्हा निळा कोट, सहा पांढऱ्या विजारी आणि टोपी घेऊन दिली. वरच्या लोकांत शिरायचं तर त्यांचे रंग अंगावर चढवायचे, हे त्याला तिथे कळलं; कुठे थांबायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही. मग जिच्यावर त्याचं प्रेम त्या डेझीला भेटायला जाताना पांढरा सूट, चंदेरी शर्ट, सोनेरी टाय! हा ऑक्सफर्डचा आहे असं कुणी म्हणताच डेझीचा नवरा टॉम उसळतो, की शक्यच नाही, हा गुलाबी सूट घालतो. तेवढा पुरावा त्याला पुरतो. (गॅट्सबी पाच महिने का होईना, ऑक्सफर्डला खरंच होता.) लग्नात कुणाची तरी साडी बघून ‘नवा पैसा दिसतोय’ म्हणणाऱ्या बायका तूही ऐकल्या आहेस. त्यांच्या बोलण्यातलं विष तेच.

आता मर्टल, गॅरेजवाल्या विल्सनची बायको. तुझ्या तक्त्यात राखाडी रंगच नाही, आणि ती तर राखेच्या खोऱ्यात राहते. ती जागा नुसती कल्पनेतली नव्हती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात करोना इथे कोळशाच्या राखेचे खरोखर ढीग होते, 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते हलवले. कादंबरीत ही राख विल्सनच्या सुटावर, केसांवर, आसपासच्या सगळ्यावर बसलेली आहे. एक मर्टल तेवढी सुटली आहे. हे वाक्य तू वाचलंस का गं नीट?

आपण सभ्य घरात पडलो असं समजून तिने लग्न केलं, आणि नवऱ्याने लग्नातला सूट उसना आणला होता हे तिला मागून कळलं. पुढे आगगाडीत टॉम भेटला, त्याच्या शर्टाचा पांढरा पुढा तिच्या दंडाला टेकला, आणि ती त्याच्यामागे गेली. न्यूयॉर्कला उतरल्यावर ती चार टॅक्सी जाऊ देते आणि पाचवी निवडते : नवी कोरी, फिकट जांभळी, आत राखाडी गाद्या. फ्लॅटवर पोचल्यावर सायीच्या रंगाचा शिफॉनचा झगा घालते. डेझीला आयुष्यात कधी टॅक्सीचा रंग निवडावा लागला असेल? मर्टलच्या हाती तेवढंच होतं, एका दुपारपुरतं, तेही टॉमच्या पैशांनी. त्याच रात्री डेझीचं नाव घेतलं म्हणून टॉम तिचं नाक फोडतो.

सातव्या प्रकरणात ती गॅट्सबीच्या पिवळ्या गाडीपुढे धावत जाते. दुपारी ती गाडी टॉम चालवत होता, म्हणून तिला वाटतं तोच आला. चाक असतं डेझीच्या हाती, आणि डेझी थांबत नाही. मर्टलचं रक्त रस्त्यावरच्या धुळीत मिसळतं, असं फिट्झजेराल्ड लिहितो. गाडी फिकट हिरवी होती, असं एक साक्षीदार पोलिसांना सांगतो. रंगांच्या तुझ्या तक्त्यात ती साक्ष कुठे बसवशील, सांग मला.

पेपरच्या आधी दुसरं आणि सातवं प्रकरण लागोपाठ वाच आणि मर्टलवर एक परिच्छेद नव्याने लिहून पाठव. डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याबद्दल तू विचारलं होतंस, त्यावर रविवारी फोनवर बोलू. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई