इटलीला जाताय ना, मग मोंतोनेलाही जाऊन या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतले युरोप टूरवरचे लेख मी आवडीने वाचते, पण इटली म्हटलं की रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा आणि व्हेनिसची होडी, याच्यापुढे गाडी जातच नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले, मोंतोनेच का ते शेवटी सांगते. यंदा एप्रिल-मे मिळून सहा आठवडे मी मध्य इटलीतल्या उंब्रिया भागातल्या उंबर्तिदे नावाच्या गावात लेकीकडे राहून आले. वस्ती सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा, शेजारून तेव्हेरे नदी वाहते (आपण पुस्तकात टायबर म्हणून वाचली ती हीच, पुढे रोमला जाते), टुरिस्ट फारसे नाहीत, त्यामुळे लोक रोजच्यासारखे वागताना बघायला मिळाले आणि मला तर तेच जास्त आवडलं.

पहिल्या दिवशी बेकरीत गेले, बोटाने पाव दाखवला, तर काउंटरवरची बाई नुसती माझ्याकडे बघत उभी. मला वाटलं हिला कळलं नाही म्हणून परत दाखवला, तेवढ्यात मागून लेक म्हणाली, "आई, आधी बोंजोर्नो म्हण." मी म्हटलं आणि त्या बाईचा चेहरा असा खुलला की काय सांगू, पाव कागदात नीट गुंडाळून दिला, माझ्या टिकलीकडे बघून काहीतरी छान पण बोलली. तिथे दुकानात शिरताना असलेल्या सगळ्यांना नमस्कार आणि निघताना परत नमस्कार, न बोलता वस्तू मागितली तर ते उद्धटपणाचं समजतात. कोणाच्या घरी गेलं तर दार सताड उघडं असलं, घरातल्यांनीच बोलावलं असलं तरी उंबऱ्यावर थांबून "पेर्मेस्सो" म्हणायचं, म्हणजे आपलं "येऊ का आत?" आणि आठवडी बाजारात चीजच्या गाडीपाशी सगळे इकडे तिकडे विखरून गप्पा मारत असतात, रांग अशी दिसतच नाही, पण नवीन माणूस आला की विचारतो "शेवटचं कोण?", एक जण हात वर करतो, मग त्याच्यानंतर आपला नंबर हे दोघांनाही पाठ. सहा आठवड्यांत एकदाही मी त्यावरून बाचाबाची ऐकली नाही.

दुपारी एक ते चार साडेचार गाव बंद! मोठं सुपरमार्केट सोडलं तर सगळ्यांची शटर खाली, लोक घरी जाऊन जेवतात. कॉफीचं पण तसंच, बारमध्ये जायचं (बार म्हणजे दारूचा अड्डा नाही हो, सकाळी सातला आजोबा लोक पण तिथेच असतात), काउंटरला उभं राहून दोन घोटांची एस्प्रेसो घ्यायची, दोन शब्द बोलायचे की चालले. दुधाची कापुचीनो सकाळीच, जेवणावर कोणी घेत नाही.

जेवणाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. तिथला पाव अळणी, मीठच नाही. पहिला घास घेतला तेव्हा वाटलं विसरलेत घालायला. गावात विचाराल तर सांगतात की १५४० साली पोपने मिठावर कर लावला, इथल्या पेरुजा शहराचे लोक त्याच्याविरुद्ध उठले आणि तेव्हापासून आमच्या पावात मीठ नाही, आता ही गोष्ट सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही असं जावई म्हणाला, पण सांगताना लोकांच्या डोळ्यात अभिमान असतो. बरोबर खायचं चीज इतकं खारट की पाव अळणी असलेलाच बरा हे मला आठवड्याभरात पटलं.

शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी एक दिवस मला स्वयंपाकघरात बोलावून तोर्ता अल तेस्तो करून दाखवली. तेस्तो म्हणजे जाडजूड गोल तवा, पूर्वी चुलीच्या निखाऱ्यांवर तापवायचे, आता गॅसवर ठेवतात. गव्हाचं पांढरं पीठ, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा, थोडं ऑलिव्हचं तेल, हे मळून बोटभर जाडीची भाकरी केली आणि काट्याने टोचे मारले. तवा तापला का बघायला वर चिमूटभर पीठ टाकलं, ते लगेच काळं पडलं, आजींनी मान हलवली, गॅस बारीक केला, परत टाकलं, हळूहळू तांबूस झालं तेव्हा कुठे भाकरी तव्यावर गेली. माझी आई तांदळाच्या भाकरीचा तवा पाण्याचा शिंतोडा मारून असाच बघायची, माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं. मग गरम गरम मधून चिरून त्यात बांधावरून खुडून आणलेला पाला भरला, उकडून लसूण-तेलावर परतलेला, अगदी आपण पावसाळ्यात टाकळा-कुर्डू करतो तसा. त्या इटालियन बोलत होत्या, मी मराठी, काही म्हणजे काही अडलं नाही.

संध्याकाळी सहानंतर सगळं गाव चांगले कपडे घालून चौकात फिरायला. काही घ्यायचं नसतं, कुठे पोचायचं नसतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, भेटेल त्याच्याशी थांबून बोलायचं. म्हातारी माणसं बाकावर, पोरं मध्ये बॉल खेळतात, मोरोक्कोहून आलेली बरीच कुटुंबं आहेत ती पण असतात. कोणी वारलं की कडेच्या भिंतीवर नावाचा कागद चिकटवतात, प्रार्थना कधी, किती वाजता, फिरता फिरता लोक तो थांबून वाचतात आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये हजर राहतात. वाईट एवढंच वाटलं की आसपासच्या छोट्या वाड्यांमधून "विकणे आहे" अशा पाट्या खूप दिसल्या, तरुण मुलं शहरात नाहीतर परदेशात, त्या देशात जवळजवळ चारातला एक माणूस पासष्टीच्या वर आहे. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आमच्याकडे पण गणपतीपुरती उघडणारी घरं काय कमी आहेत!

आता मुख्य मुद्दा. मी माणगावची, यशवंत घाडगेंचा पुतळा बघतच लहानाची मोठी झाले. पळसगावचे घाडगे, ५ मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक) मिळाला, एवढं लहानपणापासून माहीत. पण ही इटली म्हणजे नक्की कुठली हे कधी मनातच आलं नाही. ती जागा याच तेव्हेरे नदीच्या वरच्या खोऱ्यात, लेकीच्या घरापासून दहाएक किलोमीटरवर मोंतोने नावाचं डोंगरावरचं तटबंदीचं गाव आहे, त्या भागात! त्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, हा एकटा उरला, तसाच मशीनगनवर धावून गेला, आधी ग्रेनेड टाकला, मग टॉमीगनने (हातात धरायची छोटी मशीनगन) एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून राहिलेल्या दोघांना तिनेच मारलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. आणि मोंतोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये आपल्या या पोराच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलंय, वर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ५,७८२ भारतीय सैनिक त्या युद्धात इटलीत पडले, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना पण तिथलाच व्हिक्टोरिया क्रॉस, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर, हे आपल्याकडच्या किती टूरवाल्यांना माहीत असेल?

माझी कळकळीची विनंती आहे की पुरवणीत मोंतोनेवर लेख छापा, दर १० जुलैला चार ओळी तरी येऊ देत, आणि फ्लॉरेन्सहून रोमला जाणाऱ्या आपल्या टूरवाल्यांनी अर्धा दिवस काढून बस तिकडे वळवावी, फार आडवाट नाहीये.

मी गेले तेव्हा मे महिना होता, खाली खोऱ्यात तंबाखूची लावणी चाललेली, बांधाला लाल खसखशीची रानफुलं, वाटेत खुडलेली ती चार फुलं मी स्मारकापाशी ठेवली. जवळच बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांनी विचारलं, "इंदियाना?" मी हो म्हटलं, स्मारकावरच्या नावाकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं आणि लेकीने शिकवलेलं मोडकंतोडकं बोलले, "मिओ पाएझे", माझ्या गावचा. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरकून मला बाकावर जागा करून दिली.

आपली,
एक वाचक, माणगाव (रायगड)